चौतीस वर्षं, एकही टोचणी नाही

२ जानेवारी

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, मनात काही साठवू नका. लेक शेजारीच बसली होती. "डॉक्टर, हिनं मनात कधी काही ठेवलेलंच नाही," म्हणाली, आणि येताना ही वही घेऊन दिली. म्हणजे आता जे काय बोलायचं ते वहीला बोला, माणसांना सोडा. ठीक आहे. वही निदान मध्येच उठून फोन घ्यायला जात नाही.

घरात आम्ही तिघं. मी, निवृत्त. लेक, नर्स. माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच सहा नंबरच्या वॉर्डात. आणि जावई, पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. शांत माणूस. इतका शांत की कधी कधी घरात आहे की नाही हे चपला पाहून ठरवावं लागतं.

चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा वॉर्डची इन्चार्ज म्हणून. त्या अकरा वर्षांत सहा नंबरची टोचणी-नोंदवही कोरी राहिली. कुणाला वापरलेली सुई टोचली तर त्या वहीत लिहायचं असतं. बाकीच्या वॉर्डांच्या वह्या भरून वाहायच्या. मेट्रन बाई आमची कोरी वही उचलून मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवायच्या. मला स्वतःला चौतीस वर्षांत एकदाही टोचली नाही. (एकदा हातमोजा फाटला होता. ते यात धरत नाही.)

हे सगळं कॉन्व्हेंटमुळे. शिवणाच्या सिस्टर तास संपला की सुया मोजून घ्यायच्या. एक कमी भरली की वर्गातली एकही मुलगी घरी जायची नाही. एकदा एका मुलीनं मोडकी सुई तळहातात रुतलेली असताना मूठ मिटून तासभर ठेवली होती, कळू नये म्हणून. अशी शिस्त आता कुठे राहिली आहे?

६ जानेवारी

घरातली सगळी बॉलपेनं पोटं फाडून टेबलावर पडली आहेत. ही वहीसुद्धा मी पेन्सिलीनं लिहिते आहे. जावईबापूंना स्प्रिंगा हव्या आहेत. कालपासून रजा घेऊन बसलेत.

"काय चाललंय?"

"वापरल्यावर आपोआप झाकली जाईल अशी इंजेक्शनची सुई करून बघतोय, आई."

"पंपात पाणी संपलं का?"

नुसते हसले. चष्मा पुसला. मग विचारतात, "आई, नर्सला सुई टोचते ती नेमकी केव्हा? टोचताना की नंतर?"

मी म्हटलं, "लक्ष नसतं तेव्हा. बावळट नर्सला टोचते, इतकंच आहे त्यात. त्याला यंत्र कशाला हवं?"

लेक दारात उभी होती. तशीच आत गेली. तिचंही कालपासून काहीतरी बिनसलंय. दोनला सुटते, काल आली साडेपाचला, आणि आणायला नवरा गेलेला. डोळे लाल. विचारलं तर म्हणे, धूळ गेली. दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी? मी नर्स आहे की दूधवाली?

१३ जानेवारी

सुई क्रमांक एक तयार झाली. जावईबापूंनी एक संत्रं माझ्यापुढे ठेवलं, हातात सिरिंज दिली. सिरिंजवर एक नळकांडं बसवलंय. इंजेक्शन दिलं की दुसऱ्या हातानं ते पुढे ओढायचं, सुई आत झाकली जाते.

"दुसरा हात कुठाय?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"दुसऱ्या हातात कापसाचा बोळा आहे. तो पेशंटच्या दंडावर दाबून धरलाय. पेशंट हलतोय. त्याची बायको मागून विचारते आहे की डॉक्टर कधी येणार. आता सांगा, नळकांडं कुठल्या हातानं ओढू? नर्सला तुम्ही तीन हात दिलेत, जावईबापू. तीन हात असते तर मी आज निवृत्त झाले नसते, मला मेट्रन केली असती."

त्यांनी हे सगळं लिहून घेतलं. अगदी 'त्याची बायको' सुद्धा. चिडावं तरी कसं अशा माणसावर? पण चिडले.

संत्रं मीच खाल्लं. आधी स्वच्छ धुतलं.

२० जानेवारी

घरात गोड बातमी असावी. अजून कुणी सांगितलेली नाही, पण मी काय आंधळी आहे?

सकाळ-संध्याकाळ आठ वाजले की लेकीच्या फोनचा गजर होतो आणि ती कपाटातून कसली तरी गोळी काढून घेते. बाटलीवरचं लेबल खरवडून काढलंय. "शक्तीच्या आहेत," म्हणाली. दहा दिवस झाले, सकाळी बाथरूममधून ओकाऱ्यांचा आवाज येतो. जेवणाचा वास नको, चहा नको. लग्नाला चार वर्षं झाली आहेत. माझं गणित पक्कं आहे.

मी काही विचारणार नाही. सांगतील तेव्हा सांगतील. लोकर मात्र आणून ठेवली. पिवळी. कुठल्याही बाळाला चालते.

२८ जानेवारी

सुई क्रमांक दोन. हिच्यात स्प्रिंग. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला की सुई खाडकन मागे सिरिंजमध्ये जाते. एका हाताचं काम. मी मनातल्या मनात बरं म्हटलं, तोंडानं नाही.

औषध म्हणून लाल शाई भरली होती. मी दाबलं, सुई खाडकन गेली आणि माझ्या चष्म्यावर तीन लाल थेंब.

"जावईबापू, हे रक्त असतं तर?"

त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. शाईनं इतकं घाबरायचं? माझ्या हातातला चष्मा घेऊन स्वतः साबणानं धुतला, मग पुन्हा धुतला. "आई, डोळ्यांत नाही ना गेलं? नक्की?" शाई होती हो, शाई! लेकही धावत आली. मग दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मला तर वाटतं बाप होण्याच्या धसक्यानं माणूस हळवा झालाय.

क्रमांक दोन बाद. शिवाय बावळट नर्स दट्ट्या शेवटपर्यंत दाबतच नाही. हेही त्यांनी लिहून घेतलं. फक्त 'बावळट' न लिहिता 'घाईत असलेली' असं लिहिलं. मी पाहिलं.

१ फेब्रुवारी

फार वाईट वाटलं आज.

लेक भाजी चिरत होती. बोट कापलं. थोडंसंच. मी सवयीनं हात पुढे केला, तर किंचाळली, "आई, हात लावू नकोस! लांब हो!" सुरी, पाट, सगळं स्वतः धुतलं, पट्टी स्वतः बांधली, आणि वर मलाच, "तू साबणानं हात धू."

मी तिच्या रक्ताला हात लावू नको? मी? जिला मी जन्म दिला?

गर्भारपणात बायका चिडचिड्या होतात हे मला कळतं. पण चौतीस वर्षं लोकांच्या जखमा बांधल्या आणि घरात ही किंमत. पेन्सिलीचं टोक मोडलं लिहिताना.

५ फेब्रुवारी

आठचा गजर बंद झाला. ओकाऱ्या थांबल्या. लेक दोन पोळ्या जास्त जेवली. मी अगदी सहज म्हटलं, "आता तिसरा लागला का?"

"तिसरा काय?"

मी लोकर दाखवली. ती लोकरीकडे बघतच राहिली. "आई, तसं काही नाहीये गं," म्हणाली आणि लोकर हातात घेऊन बसून राहिली.

मग काय होतं ते चार आठवडे? 'पित्त.' पित्ताला घड्याळ लावून गोळ्या? माझ्याच घरात मला कुणी खरं सांगत नाही. मी काय खाते की काय कुणाला?

१४ फेब्रुवारी

आज माझा अपमान झाला आणि तो फोनवर चित्रित करून ठेवलाय.

सुई क्रमांक तीन. आता सुईच्या मुळाशी एक छोटी झडप आहे. काम झालं की त्याच हाताच्या अंगठ्यानं ढकलायची, ती सुईवर पडते आणि टिक असा आवाज येतो. टिक झालं की झाकली. थेंब उडत नाही, दुसरा हात लागत नाही. मला पटली. "ही चालेल," म्हटलं सुद्धा.

तर म्हणे, "आई, चाळीस वेळा करून दाखवाल? ट्रेमध्ये सगळं वॉर्डात असतं तसं मांडा." मांडलं. सुईचं टोपण डाव्या कोपऱ्यात, जिथे मी नेहमी ठेवायचे. त्यांनी फोन लावून ठेवला. मी चाळीस वेळा संत्र्याला इंजेक्शन दिलं. संत्र्याची पार चाळण झाली.

मग बसवून व्हिडिओ दाखवला. चाळीसच्या चाळीस वेळा माझा डावा हात टोपणाकडे जातो, टोपण उचलतो, आणि मी ते सुईवर चढवायला जाते. झडप राहिली बाजूला. चार वेळा तर झडप पाडल्यावरही वरून टोपण बसवायला बघते आहे. आणि एरवी दर वेळी सुईचं टोक माझ्या डाव्या बोटापासून नखभर अंतरावरून जातं. एका ठिकाणी तर तेवढंही अंतर नव्हतं. जावयांनी तिथे चित्र थांबवलं आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

"हे मी करत नाही," मी म्हटलं.

"हो आई."

"टोपण दोन हातांनी परत लावायचं नाही, हा नियम मला ठाऊक आहे. परिपत्रक आलं होतं. मीच भिंतीवर चिकटवलं होतं."

"हो आई."

शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, उघडलेलं झाकल्याशिवाय जागचं हलायचं नाही. सुई, डबा, शाईची दौत, काहीही. मी सगळ्या पोरींना तेच शिकवलं. उघडी सुई ट्रेमध्ये टाकून जाणारी नर्स मला खपत नसे. मग ती झाकणार कशी? हातांनीच ना?

परिपत्रक आणि मी, दोघी एकाच भिंतीला टेकून उभ्या होतो आणि मला दिसलं नाही म्हणायचं का? रक्तदाब वाढला असणार. मोजला नाही.

१७ फेब्रुवारी

दोघं सकाळी कुठेतरी जाऊन आली. दुपारी परत आली ती जिन्यातच मिठी मारून उभी. समोरच्या आजी बघत होत्या. "काय लॉटरी लागली का?" मी वरून विचारलं. लेक म्हणाली, "अर्धी, आई." अर्धी लॉटरी! यांना वयाचं भान नाही आणि हिशेबाचंही.

३ मार्च

दोन आठवडे जावईबापू टोपणाशी झुंजताहेत. टोपण सुईला दोरीनं बांधून पाहिलं, लाल रंगवून पाहिलं, वर 'परत लावू नका' असं लिहून पाहिलं. मी म्हटलं, "नर्स वाचत बसेल का? तिच्यापुढे चाळीस पेशंट आहेत."

आज ते सुईचं पाकीट फोडून माझ्यापुढे धरत होते आणि मी वैतागले होते, कारण टोपण निघून टेबलाखाली गेलं आणि मला वाकायला लागलं. म्हटलं, "ते मेलं टोपण पाकिटालाच चिकटवून टाका ना! पाकीट ओढलं की त्याच्याबरोबर जाईल कचऱ्यात. समोर असतं म्हणून हात जातो. नसेलच तर कुठे जाईल?"

जावयांनी पाकीट खाली-वर करून पाहिलं. मला वाटलं आता 'हो आई' म्हणणार. ते उठले आणि मला वाकून नमस्कार केला. स्वयंपाकघरात, हातात पाकीट. मग हा शांत माणूस आत जाऊन एवढ्या मोठ्यानं लेकीला हाक मारतो की समोरच्या आजींनी खिडकी उघडली.

मला काही विशेष वाटलं नाही. दोन वेळा आरशात बघितलं, एवढंच.

१८ मार्च

आजचं लिहितेच.

आज हॉस्पिटलच्या शिकवणीच्या खोलीत बारा नर्सांकडून सुई वापरून घ्यायची होती. रबरी हातावर, साध्या पाण्यानं. सहा नंबरची आताची इन्चार्ज माझ्याच हाताखालची ठेंगी आहे. उंचीवरून नाव मीच ठेवलेलं. लेकीची आज सुट्टी होती. "आई, मी नको येऊ, तूच कर," म्हणाली.

आधी सुटं टोपण ठेवलेल्या सुया दिल्या. बारापैकी नऊजणींनी टोपण परत चढवलं. मग पाकिटाला चिकटलेल्या टोपणाच्या. एकीनंही नाही. कशानं चढवणार? एका पोरीचा डावा हात ट्रेवर जाऊन नुसता हवेत चाचपडला आणि परत आला. मग अंगठा हलला. टिक. बारा वेळा टिक. जावयांनी चष्मा पुसला.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी थांबेन तर शपथ. नव्या पोरींना म्हटलं, "हे यंत्र चांगलं आहे. पण आमच्या वेळी यंत्राशिवाय अकरा वर्षं वही कोरी होती. ठेंगे, आण ती वही. दाखवते यांना."

"राहू द्या ना, मॅडम," ठेंगी म्हणाली.

"आण म्हटलं ना."

"मॅडम, खरंच..."

मीच सहा नंबरमध्ये जाऊन कपाटातून काढून आणली. तीच वही, तोच निळा पुठ्ठा. कोरी असल्यामुळे बदलायची वेळच आलेली नाही. मी सगळ्यांपुढे पहिलं पान उघडून उंच धरलं. पोरींनी माना खाली घातल्या. मग मी स्वतः पाहिलं.

पहिल्याच ओळीत नोंद होती. ५ जानेवारी, दुपारी एक वाजून वीस. पेशंटचं रक्त दूषित, रोगाचं नाव पुढे लिहिलेलं. कसं टोचलं या रकान्यात: दोन हातांनी टोपण परत लावताना. उपाय: अठ्ठावीस दिवस गोळ्या. पुढच्या तपासण्या: सहा आठवडे, तीन महिने. अक्षर मी ओळखते. त्या अक्षराला वळण मीच लावलंय, पाटीवर.

वही खाली ठेवली. "ठेंगे, एवढ्या वर्षांत ही एकच?"

ठेंगी पायांकडे बघत म्हणाली, "मला तीनदा टोचली होती, मॅडम. तुमच्याच वेळी."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तुम्ही असताना? मॅडम, सुई परवडली." कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. "आम्ही सगळ्या धुऊन गप्प बसायचो. नशीब चांगलं म्हणून निभावलं. तुमची मुलगी पहिली लिहिणारी. रडत होती, पण लिहिलं. फक्त आईला सांगू नका म्हणाली."

जावयांनी रिक्षा आणली. वाटेत मी म्हटलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." ते म्हणाले, "हो आई." या वेळी मला चीड आली नाही.

१९ मार्च

दिवसभर खोलीत बसले. लेकीला अजून काही बोलले नाही. जावयांनी सांगितलं नसणार. ते कशाला सांगतील?

सहा जानेवारीचं पान परत वाचलं. 'बावळट नर्सला टोचते.' ती दारात उभी होती. मीच लिहिलंय, दारात उभी होती म्हणून.

२ जानेवारीचंही वाचलं. हातमोजा फाटला होता, म्हणे. हातमोजा आपोआप फाटत नाही.

२० मार्च

सकाळी तिच्या खोलीत गेले. ती गणवेशाला इस्त्री करत होती. मी खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "मध्ये बोलायचं नाही."

"बरं."

"तू पाच महिन्यांची होतीस. अंगावर पीत होतीस. कावीळ झालेल्या एका पेशंटला इंजेक्शन दिलं, टोपण लावताना सुई हातमोज्यातून बोटात गेली. मी धुतलं आणि कुणाला सांगितलं नाही. बावळट म्हणतील म्हणून. घरी येऊन तुझं दूध तोडलं. तुझ्या आजीला सांगितलं की दूध आटलं. तू आठ दिवस रडत होतीस आणि मी मोरीत जाऊन दूध ओतून टाकत होते. सहा महिने रोज आरशात डोळे पिवळे दिसतात का ते बघत होते."

तिनं इस्त्री उभी केली. "तू तर म्हणायचीस एकदाही..."

"मध्ये बोलायचं नाही म्हटलं ना." मग म्हटलं, "वही पाहिली मी."

तिनं इस्त्री बंद केली. "माझा हात आपोआप गेला गं टोपणाकडे," म्हणाली. "तू शिकवलंस तसा. टोचल्यावर पहिला विचार काय आला माहितीये? रोगाचा नाही. आईला कळेल, हा."

मी तिचा हात हातात घेतला. तिनं ओढून घ्यायला पाहिलं, सवयीनं. मी सोडला नाही.

"सहा आठवड्यांची चांगली आली," ती म्हणाली. "तीन महिन्यांची बाकी आहे. सहा एप्रिल."

म्हणजे अर्धी लॉटरी.

२९ मार्च

हॉस्पिटलच्या समितीचं पत्र आलं. सुई पुढच्या चाचणीला पाठवू, वर्ष-दीड वर्ष लागेल. दीड वर्ष! परत पंप बनवायला लागा, म्हटलं जावईबापूंच्या तोंडावर, आणि त्यांनी खरंच मला गप्प केलं. पहिल्यांदाच. "आई, आज नको," म्हणाले. वहीत लिहिते आहे, म्हणजे वहीचा उपयोग झाला.

७ एप्रिल

काल लेकीनं रक्त दिलं. आज दुपारी दोनला निकाल. जावई आणि लेक प्रयोगशाळेच्या दाराशी बसले. मला तिथे बसवेना. भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. मला वाटलं बंदच आहे. सरळ सहा नंबरला गेले.

"ठेंगे, वही दे."

तिनं या वेळी न बोलता दिली. पेन माझ्याकडे नव्हतं, घरात उरलंच नाही एकही. तिचंच घेतलं. लेकीच्या नोंदीखालची ओळ. नाव लिहिलं. तारीख लिहिली, एकोणतीस वर्षांपूर्वीची.

"मॅडम, तारखा उलट्या होतील," ठेंगी म्हणाली. "ऑफिसवाले परत पाठवतील."

"पाठवू देत. मी जाईन घेऊन."

कसं टोचलं: दोन हातांनी टोपण परत लावताना. उपाय: काही नाही. शेवटचा रकाना असा छापलेला आहे: टोचल्यापासून किती तासांनी कळवलं. मी 'तासांनी' खोडलं आणि 'वर्षांनी' लिहिलं. आकडा भरला.

सही करत होते तेवढ्यात लेक दारात आली. हातात कागद. मागे जावई, चष्मा हातात, म्हणजे पुसून झालेला. मला चेहऱ्यावरून काही कळेना. चौतीस वर्षं लोकांचे चेहरे वाचले आणि पोटच्या पोरीचा वाचता येईना.

"काय?" मी ओरडले. अख्ख्या वॉर्डानं मान वळवली.

"काही नाहीये, आई. सगळं स्वच्छ."

मी खुर्चीवर बसले. ठेंगीनं पाणी दिलं. लेक टेबलाशी येऊन वहीवर वाकली. तिची ओळ, खाली माझी. शेवटच्या रकान्यापर्यंत बोटानं वाचत गेली आणि तिथे थांबली. मग तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं, आणि या वेळी धुळीचं कारणही सांगितलं नाही.

मी म्हटलं, "मागे हो. शाई ओली आहे, नोंद पुसली जाईल."